विभागप्रमुखांच्या कूलरचा पंप

अन्याय झाला तो आमच्या सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या काकूंवर. केव्हा? या एप्रिलमध्ये, बी.एस्सी. अंतिम वर्षाच्या प्रॅक्टिकल परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. वेळ इतकी पक्की कशी ठाऊक? त्यांच्या हातात जो मेमो ठेवला त्यावर शिक्क्याखाली ऑफिसातल्या बाबूनं वेळ टाकली होती. आमच्या कॉलेजात घंटा उशिरा होते, निकाल उशिरा लागतात, एक्झॉस्ट पंखा तर चौथ्या वर्षीही यायचाच आहे. मेमो मात्र मिनिटावर.

काकू म्हणजे प्रयोगशाळा परिचर. अकरा महिन्यांचा करार, मग एक महिना कागदावर त्या अस्तित्वातच नसतात, मग पुन्हा अकरा महिने. अशी सतरा वर्षं. त्या कागदावर नसलेल्या महिन्यातही त्या येतातच, कारण काचेची भांडी कागद वाचत नाहीत आणि बुरशी सुट्टी घेत नाही. यंदाचा करार या जूनअखेर संपतो. पुढचा होणार की नाही, ते या मेमोवर ठरणार आहे.

आता माझं. मी एम.एस्सी. करते आणि पत्रकं लिहिते. खरं सांगायचं तर पत्रकं लिहिते आणि उरलेल्या वेळात एम.एस्सी. करते. पत्रकाचा धडा मला आमच्या विद्यार्थी गटात पहिल्याच आठवड्यात मिळाला: पहिल्या ओळीत अन्याय कोणावर आणि केव्हा, शेवटच्या ओळीत मागणी, मधे जे काय बोंबलायचं ते. हा धडा मी इतरांना शिकवते. स्वतः तो कुठे विसरले, ते पुढे येईलच.

मार्चमध्ये मी एक पत्रक काढलं, 'पंखा दाखवा, बक्षीस मिळवा'. सेंद्रियच्या लॅबमध्ये भिंतीला पंख्याचं गोल भोक आहे, पंखा नाही, आणि त्या भोकात कबुतरांचा संसार आहे, एवढीच त्यातली माहिती. विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सर ओरडत नाहीत. ते हसतात, ते जास्त वाईट.

"तुम्हाला लॅबबद्दल फारच कळकळ आहे," सर म्हणाले. "फार छान. मग असं करा, परीक्षेची लॅब तुम्हीच लावा. परिचरांना मदत. पत्रक लिहिणं सोपं असतं."

ही शिक्षा होती. बारा जणांच्या बॅचसाठी बारा टेबलं लावायची, दोन दिवस परीक्षा, त्याआधी तीन दिवस तयारी. मी मनात म्हटलं, एवढंच? बाटल्या मांडायच्या, चिठ्ठ्या चिकटवायच्या. आतून रिपोर्ट लिहायला मिळणार, हा वर फायदा.

पहिल्या सकाळी साडेसहाला प्रताप नगरहून स्कूटीवर निघाले तेव्हा स्वतःवरच खूश होते. पोचले तर लॅबचं दार उघडं, काकू पदर खोचून सिंकपाशी, आणि अर्धी भांडी धुऊन पालथी.

"तूच का वं थे कागदवाली?" त्यांनी वळूनही न पाहता विचारलं.

"हो, काकू."

"मंग कागद ठेव तिकडं अन् ह्या नळ्या धर."

मी नळ्या धरल्या. रबरी, जुन्या, टोकांना भेगा पडलेल्या. काकूंनी कात्रीनं प्रत्येक टोक बोटभर कापलं, तोंडाला व्हॅसलिन लावलं आणि नळी कंडेन्सरच्या तोटीवर चढवली. मग वर सुती दोऱ्याचे तीन वेढे आणि एक गाठ. ही गाठ मी तीन दिवस पाहिली आणि मला अजून जमलेली नाही. दोन बोटांत होते, इवलीशी, आणि पाण्याच्या जोरानं सैल होत नाही.

"कुठे शिकलात?"

"माह्या बाबाची होय थे. उमरेडले हातमाग होता आमचा. ताण्याचा धागा तुटला का अशी गाठ मारा लागे. फणीतून पार व्हावं लागे तिले, अडकली का लुगडं खराब." त्यांनी माझी गाठ हातात घेतली, पाहिली आणि सोडून टाकली. "तुही गाठ म्हणजे पोत्याचं तोंड बांधल्यावानी दिसून राहिली."

परीक्षेला काय होतं ते सांगते, घाबरू नका, सोपं आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला एक बाटली मिळते. तिच्यात दोन द्रव मिसळलेले असतात, दोन्ही पाण्यासारखे दिसणारे. फ्लास्क तापवायचा. जो द्रव आधी उकळतो त्याची वाफ वर जाते, आडव्या लावलेल्या कंडेन्सरमध्ये शिरते, तिथे थंड होऊन पुन्हा द्रव होते आणि दुसऱ्या भांड्यात थेंब थेंब पडते. झाले दोन वेगळे. मग ते कोण आहेत हे ओळखायचं. आमच्या बाटल्यांतला पहिला द्रव बहुतेक वेळा एसिटोन असतो, नखांचं पॉलिश काढायचं ते. तो छप्पन्न अंशाला उकळतो. कंडेन्सर म्हणजे काचेच्या नळीवर काचेचं आवरण, आणि आवरणातून नळाचं थंड पाणी फिरतं.

थंड पाणी. पुस्तकात तसंच लिहिलंय. पुस्तक लिहिणाऱ्याला एप्रिलमधलं नागपूर पाठवलं पाहिजे, पोस्टानं, पॅक करून.

"थर्मामीटर घे अन् नळाखाली धर," काकू म्हणाल्या. धरला. बत्तीस. "सकाळी साडेसातले बत्तीस. आता अकरा वाजता पाहजो."

अकराला पुन्हा धरला. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून आलेलं पाणी सत्तेचाळीस अंश होतं. मी हात काढून घेतला. छप्पन्न अंशाची वाफ सत्तेचाळीस अंशाच्या पाण्यानं थंड करायची, ही आमच्या विभागाची परंपरा. थोडी होते थंड, थोडी नाही. जी होत नाही ती खोलीत येते. खोलीत पंखा नाही, ऊन आत येतं म्हणून खिडक्या बंद, कबुतरं तेवढी मोकळी. आणि एसिटोनची वाफ पेट्रोलसारखी पेटते. आता कळलं, मी पंख्यावर पत्रक का काढलं होतं? मलाही तोवर अर्धवटच कळलं होतं.

काकूंना सतरा वर्षांपूर्वीच कळलं होतं. त्यांचा बंदोबस्त असा. एक निळा ड्रम, त्याभोवती भिजवलेलं बारदान. ड्रममध्ये पाणी आणि बर्फाची लादी, जी त्या परीक्षेच्या सकाळी रिक्षात पायाखाली ठेवून आणतात. ड्रमच्या तळाशी कूलरचा छोटा पंप. पंपातून नळी पहिल्या कंडेन्सरला, त्यातून निघालेलं पाणी दुसऱ्याला, असे सहा, मग परत ड्रममध्ये; दुसऱ्या रांगेत तसेच सहा. थंड पाणी गोल गोल फिरत राहतं, नळ उघडायचंच काम नाही. आणि तापवायला? टेबलावर बर्नर नाही. बर्नर एकच, बाहेर व्हरांड्यात, त्यावर मोठं पातेलं. काकू उकळतं पाणी बादलीनं आत आणतात आणि प्रत्येकाच्या फ्लास्कखालच्या भांड्यात ओततात. निवलं की बदलतात. "आत आग नाही पाहिजे मले," त्या म्हणाल्या. "पोट्टे वाकून वाकून पाह्यतात थेंब पडला का. केस पेटतीन."

हे कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलंय, 'योग्य ती व्यवस्था करावी'. कोणी करावी ते लिहिलेलं नाही. क्रियापद आपोआप होतं.

व्हरांड्यातला फुटका माठ काकूंनी फडक्यात गुंडाळून दगडानं फोडला. उकळताना द्रव उसळू नये म्हणून फ्लास्कमध्ये खापराचे तुकडे टाकतात. ते त्यांनी चाळले, धुतले, ओव्हनमध्ये वाळवले आणि बारा पुड्या बांधल्या, प्रत्येक पुडीत चार तुकडे. मी पाच टाकले एका पुडीत. त्यांनी एक काढला. "वजन करतात पोट्टे मागून. सगळ्याईले सारखं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी पंपाचा प्रश्न आला. ऐका, इथेच सगळं आहे. सतरा वर्षं त्या ड्रममध्ये जो पंप बसत होता तो काकूंच्या घरच्या कूलरचा होता. परीक्षेचे दिवस त्यांच्या घरात कूलर कोरडा फिरायचा, आणि आमचे फर्स्ट क्लास यायचे. कॉलेजकडे त्यांनी पंपासाठी दरवर्षी अर्ज दिला. अर्जांच्या प्रती त्यांच्या कपाटात आहेत, पिनांना गंज चढलेला. यंदा मार्चमध्ये घरचा पंप जळाला.

आम्ही दोघी केबिनमध्ये गेलो. मी सोबत होते, मी ऐकलं, म्हणून लिहिते.

"सर, पंप पाहिजे. घरचा जळला."

सर लॅपटॉपकडे बघत होते. खिडकीत त्यांचा कूलर घोंघावत होता, वाळ्याचा वास येत होता. "बघून घ्या तुमच्या पातळीवर," ते म्हणाले.

"कुठून बघू, सर?"

"अहो, इतकी वर्षं करताय ना? तसंच. बघून घ्या."

काकूंनी बघितलं. परीक्षेच्या पहिल्या सकाळी, सर यायच्या आधी, त्यांनी केबिनच्या कूलरचं मागचं कवाड उघडलं, पंप काढला, तारा चिकटपट्टीनं नीट झाकल्या आणि कवाड लावलं. मी टॉर्च धरला होता. मलाही मेमो द्यायला हवा होता, पण विद्यार्थ्याला मेमो देता येत नाही, नियम आड येतो.

"काकू, सरांना कळलं तर?"

"कळू दे. दोन दिवसाचं काम. परवा सकाळी लावून देतो अन् सांगतो. आता सांगतलं तर नाही म्हणतीन, मंग मी काय फुंकू का कंडेन्सरवर?" मग शिपायाला हाक मारली. "भाऊ, सरनं विचारलं तर पंप बसला म्हणून सांग गा. खोटं नाही, ड्रमात बसलाच हाये."

पहिला दिवस. मी सात सेमिस्टर प्रॅक्टिकलं केली असतील, पण परीक्षेला माणूस आपलाच थेंब बघतो; अख्खी लॅब अशी कधी पाहिली नव्हती. बारा कंडेन्सर, बाहेरून दव साठलेले. बाराही भांड्यांत थेंब पडतायत, टप, टप, टप. वास नाही. एक पोट्टा आपल्या शेजाऱ्याला म्हणाला, "अबे, माझं चाळीस मिली आलं बे! घरी घेऊन जाऊ का?" काकू बादली घेऊन टेबलांमधून फिरत होत्या. "सरक गा. पाय भाजीन. तुहा फ्लास्क वाकडा लागला, सरळ कर. काहून घाबरते वं तू, येते न थेंब, पाह्य."

साडेबाराला सर बाह्य परीक्षकांना घेऊन लॅबमध्ये आले. केबिनमध्ये कूलर गरम वारा फेकत होता आणि लॅबमध्ये बर्फाच्या ड्रमामुळे बरं वाटत होतं, हे कारण. परीक्षेचं निरीक्षण हे नाव. परीक्षक रामटेककडून बसनं आलेले वयस्क गृहस्थ, शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांनी एका कंडेन्सरवर तळहात ठेवला आणि ठेवूनच राहिले.

"एप्रिलमध्ये थंड कंडेन्सर," ते म्हणाले. "तीस वर्षं परीक्षा घेतोय. पहिल्यांदा हात लावला. काय व्यवस्था केलीत ही?"

आणि सर म्हणाले, "आम्ही विद्यार्थ्यांच्या बाबतीत तडजोड करत नाही."

काकू ड्रमला टेकून उभ्या होत्या. पंपाची वायर त्यांच्या पदराआड. चेहऱ्यावर काही नाही. मला हसू आवरेना, मी सिंकमध्ये तोंड घालून भांडी विसळायला लागले.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मी पत्रकं लिहिते ना.

पाच वाजता धरमपेठेत चहाच्या टपरीवर आमचा गट जमला. मी किस्सा सांगितला. सगळे लोटपोट. "लिव्ह लिव्ह, हे लिव्ह," एकजण म्हणाला, "आग लागते कॅम्पसला." मी तिथेच मोबाईलवर लिहिलं. शीर्षक: 'विभागप्रमुखांचा पंप अखेर शिक्षणाच्या कामी आला!' कूलर, कवाड, चिकटपट्टी, पदराआडची वायर, 'तडजोड करत नाही', सगळं तपशीलवार. उत्तम पत्रक होतं. सहा वाजेपर्यंत प्रत्येक वर्गाच्या ग्रुपवर गेलं. हसणाऱ्या तोंडांचा पाऊस पडला. काकूंचा उल्लेख होता तो असा: 'आमच्या लॅबमधल्या एका हिकमती काकूंनी'. बस. आता मला सांगा, लॅबमध्ये काकू किती आहेत? एक.

अन्याय कोणावर, ते पहिल्या ओळीत लिहायचं असतं. माझ्या पत्रकात अन्याय कोणावरच नव्हता. फक्त मजा होती, आणि मजेच्या मधोमध एका बाईचा पत्ता.

मंगळवारी अकराला बॅच सुरू झाली. ड्रम भरलेला, पंप चालू, व्हरांड्यात पातेलं उकळतंय. सव्वाअकराला शिपाई आला. "काकू, ऑफिसात बोलावलंय. आत्ताच्या आत्ता." परीक्षा चालू असताना. काकूंनी बादली माझ्या हातात दिली. "दहा मिनिटात पाणी बदलजो, पाचव्या टेबलापासून." आणि गेल्या.

त्या गेल्या आणि सर आले. मागे शिपाई, हातात पक्कड. सरांनी सगळ्यांसमोर ड्रममध्ये हात घातला. पीएच.डी. केलेला माणूस कोपरापर्यंत भिजला, पण स्वतः पंप काढला. पाणी फिरायचं थांबलं.

"सर, कंडेन्सर..." मी म्हटलं.

"नळ आहेत ना? नळाचं पाणी वापरा. पाणी ते पाणी."

"सत्तेचाळीस आहे ते, सर."

"तुम्ही पत्रक काढा त्याच्यावर." मग माझ्या हातातल्या बादलीकडे पाहून, "आणि हा काय पोरखेळ? उकळतं पाणी घेऊन फिरताय परीक्षा हॉलमध्ये? बर्नर लावा रे सगळे. मॅन्युअलप्रमाणे."

मी काय केलं? मी वाद घातला. मुद्देसूद, मोठ्यानं, अगदी तालीम केल्यासारखा. बादली खाली ठेवून. वाद चालू असताना कपाटात पडलेले बर्नर निघाले आणि बाराही टेबलांवर लागले, कारण समोर विभागप्रमुख आणि मार्क त्यांच्या हातात. सर पंप घेऊन गेले. नळ्या सत्तेचाळीस अंशाच्या नळाला लागल्या. पाच मिनिटांत वास आला. गोडसर, डोक्यात चढणारा. कबुतरं भोकातून उडाली, ती शहाणी.

पाचव्या टेबलावरच्या पोरीनं थेंब पडतोय का ते बघायला भांड्याचं तोंड जवळ घेतलं. भप्प असा आवाज झाला. निळी ज्वाळा टेबलावरून सरकली आणि तिच्या ओढणीच्या टोकाला लागली. ती किंचाळली नाही, नुसती बघत राहिली. मीही बघत राहिले. मी, जिला प्रत्येक गोष्टीवर काही ना काही म्हणायचं असतं.

दारातून काकू आल्या. हातात मेमो होता. त्यांनी तो तोंडात धरला, ड्रमभोवतीचं ओलं बारदान एका हिसड्यानं ओढलं, आधी पोरीच्या ओढणीवर दाबलं आणि मग टेबलावर आडवं टाकलं. विझलं. सगळं मिळून किती वेळ? आपण हाक मारतो आणि माणूस वळून पाहतो, तेवढा. मग त्यांनी तोंडातला कागद काढला आणि ओरडल्या, "बर्नर बंद करा रे पोट्टेहो! खिडक्या उघडा! कोनं लावले बर्नर?"

बर्नर बंद झाले, खिडक्या उघडल्या. बारा तोंडं, सरांचं नाव एकातही नाही. पोरीला काही झालं नव्हतं, ओढणी चार बोटं जळाली होती. काकूंच्या डाव्या तळहातावर फोड आले. परीक्षा थांबवली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा घेतली. कोणत्या पाण्यानं, ते विचारू नका.

मेमोत एकच आरोप होता: विनापरवानगी कॉलेजच्या मालमत्तेचा अपहार. पुरावा म्हणून मागे टाचलेलं माझं पत्रक, त्यावर लाल शाईत 'परिशिष्ट अ'. संध्याकाळी दुसरा मेमो आला: परिचर परीक्षेच्या वेळी प्रयोगशाळेत गैरहजर, त्यामुळे आगीची घटना. गैरहजर! त्या वेळी त्या कुठे होत्या? ऑफिसात, पहिला मेमो घेत होत्या. या विभागात दोन मेमो एकमेकांना साक्ष देतात आणि माणसं देत नाहीत.

मी काकूंकडे गेले. त्या कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर हातावर ओलं फडकं धरून बसल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, मी जबाबदारी घेते. मी नवीन पत्रक काढते, उद्याच्या उद्या..."

"अजून एक?" त्या म्हणाल्या. "पह्यल्यानं पोट नाही भरलं काय तुहं?"

मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसले.

"तुले मी म्हटलं होतं का वं, माह्यावर लिव्ह म्हणून? मी परवा लावून देत होतो न पंप. मी सांगत होतो न माह्या तोंडानं. तू हासाले लिहिलं. तुह्या दोस्ताईनं हासलं. झालं?"

"चुकलं माझं."

"थे त मले बी दिसून राह्यलं." त्यांनी हातावरचं फडकं उलटलं. मग म्हणाल्या, "अक्षर चांगलं हाये का तुहं? जबाब लिहा लागते."

जबाब आम्ही दोन दिवस लिहिला. मी माझ्या सवयीनं 'जाहीर निषेध' वगैरे घालत होते, त्या खोडायला लावत होत्या. मी म्हटलं, निदान शेवटी दिलगिरी घालू या, सरांचा राग उतरेल. त्या म्हणाल्या, "माफी कायची? लिव्ह, सोमवारी पंप होता, पाणी थंड होतं, कोनाले काही झालं नाही. मंगळवारी पंप नेला, पाणी गरम होतं, आग लागली. पंप मांगतला होता. 'बघून घ्या' म्हटलं होतं. बस. वर काही नको टाकू." मी त्याखाली अर्जांच्या सतरा प्रती लावल्या, गंजलेल्या पिनांसकट.

चौकशी समिती नेमली आहे. तिघांची. अध्यक्ष कोण, ओळखा पाहू. बरोबर. ज्यांचा पंप, ज्यांचे बर्नर, तेच. सुनावणी येत्या सोमवारी सकाळी दहाला, विभागाच्या सभागृहात. समितीनं कळवलंय की परिचरांच्या बाजूनं 'प्रत्यक्ष उपस्थितांचे लेखी निवेदन' असेल तर विचारात घेतलं जाईल. प्रत्यक्ष उपस्थित कोण? मी. पण मी परिशिष्ट अ आहे, माझी साक्ष आरोपाच्या बाजूला आधीच टाचलेली आहे. बाह्य परीक्षकांना फोन केला. ते भले गृहस्थ. म्हणाले, "पहिल्या दिवशी कंडेन्सर थंड होते एवढं मी देतो लिहून. दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये व्हायवा घेत होतो. कूलर छान चालू झाला होता." एक निवेदन आलं. दुसऱ्या दिवसाचं एकही नाही.

त्या बाराही जणांना मी भेटले. एक म्हणाला, "ताई, निकाल लागू दे ना यार, मग देतो." दुसरा म्हणाला, "मी तेव्हा खाली पाहत होतो." ओढणीवाली पोरगी म्हणाली, "आई नको म्हणते." तिची जळालेली ओढणी तिनं धुऊन ठेवली आहे, फेकली नाही. मी तिला दोष देत नाही. बादली हातात असताना मी काय दिवे लावले, ते वर सांगितलंच आहे.

तर आता तुमच्याशी. होय, तुम्ही, जे हे वाचताय आणि गालात हसताय. तुम्ही त्या मंगळवारच्या बॅचमध्ये असाल, तर एक कोरा कागद घ्या आणि तीन ओळी लिहा: पंप कोणी नेला, बर्नर कोणी लावायला सांगितले, आग कोणी विझवली. त्या सतरा वर्षांतल्या कोणत्याही बॅचमध्ये असाल, तर एकच ओळ लिहा: माझ्या परीक्षेच्या दिवशी कंडेन्सर थंड होता. विशेषणं नकोत, काकूंना आवडत नाहीत. खाली सही करा, परीक्षेचं वर्ष टाका, आणि सोमवारी सकाळी दहाच्या आत सभागृहाच्या दाराशी या. मी तिथे उभी असेन, पण कागद माझ्या हातात देऊ नका. आत जा आणि स्वतःच्या हातानं टेबलावर ठेवा.